सुडाला निघालेला डावा बूट

मी बोलतोय तो डावा बूट. उजवा माझ्या शेजारीच आहे, पण तो बोलत नाही, नुसता करकरतो. त्यामुळे दोघांचंही सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

घोट्याच्या वर जाणारा, जाड चामड्याचा, टाचेत लाकडाचे पाच थर असलेला असा मी जन्माला आलो. ज्याच्यासाठी मला शिवलं, त्याने एका लग्नात घातलं, आणि पायाला चावलो म्हणून दुसऱ्याच दिवशी विकून तो मोकळा झाला. चावलो, कबूल आहे. नवा होतो, तेवढा माज असायचाच.

मग जुन्या सामानाच्या दुकानात दोन वर्षं धूळ खात पडलो. एक दिवस उस्ताद आले. ठेंगणे, टक्कल पडलेले, शर्टाची बटणं खालीवर लावलेले. त्यांनी मला उचललं, फळीवर टाच आपटली आणि कान जवळ आणला.

“घालून तरी बघा,” दुकानदार म्हणाला. “तुमच्या पायाला मोठे होतील.”

“होऊ देत. मला दिसायला नकोत, ऐकायला हवेत.”

दुकानदाराने कपाळावर हात मारला. मी मात्र त्याच क्षणी उस्तादांचा झालो. तोवर मला सगळ्यांनी पायाजवळ नेलं होतं, कानाजवळ नेणारा हा पहिलाच माणूस.

उस्तादांचं काम म्हणजे सिनेमातल्या माणसांना आवाज देणं. बोलण्याचा नव्हे हो! चालण्याचा, बसण्याउठण्याचा, दार ढकलण्याचा. सिनेमा काढताना हे आवाज नीट येत नाहीत, म्हणून मागाहून एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत बघत, ते पुन्हा करावे लागतात. खोलीच्या जमिनीत चौकोनी खड्डे होते. एकात वाळू, एकात खडी, एकावर फरशी, एकावर लांब फळी. समोर पडदा, मधे माइक, आणि काचेपलीकडे यंत्रापुढे बसलेला रेकॉर्डिंगवाला.

पहिल्या दिवशी मला बोटं असती तर ती तोंडात घातली असती. उस्तादांनी दोन करवंट्या वाळूवर आपटल्या आणि खोलीतून घोडा गेला. अहो, घोडा! चामड्याची जुनी पिशवी पिळली तर खोगीर कुरकुरलं. कोबीचा गड्डा मुरगळला तर पडद्यावरच्या गुंडाचा हात मोडला. आणि काम संपल्यावर त्याच कोबीची भाजी करून उस्ताद आणि त्यांची लेक जेवले. मी रात्रभर विचार करत होतो, की ही माणसं आहेत तरी कोण!

उस्तादांची लेक याच खोलीत वाढली. आई दवाखान्यात कामाच्या पाळीवर, म्हणून शाळा सुटली की ती इथं यायची, वाळूत खेळायची, आणि खेळता खेळता सिनेमातल्या पोरांची पावलं टाकायला शिकली. मोठी झाल्यावर बायकांची आणि मुलांची पावलं तिची, पुरुषांची उस्तादांची, अशी वाटणी झाली. माझ्यातून उस्ताद पोलीस होऊन चालले, दारुडे होऊन चालले, एकदा तर राजा होऊन चालले. माणूस तोच, पाय तेच, पण दर वेळी माझ्यात कुणीतरी वेगळंच शिरायचं. मला ते कोडं आजही सुटलेलं नाही.

उस्तादांचे कान जायला लागले, हे सगळ्यात आधी मला कळलं. जो माणूस माझ्या टाचेतून कुजबुजायचा, तो आता टाच आपटायला लागला. त्यानंतर लेकीला कळलं. तिने कुणाला सांगितलं नाही. फक्त बोलताना ती त्यांच्या समोर येऊन उभी राहायला लागली.

अशात तो सिनेमा आला. घोडे, टोप्या, पिस्तुलं, मैलोन्‌मैल धूळ, असा वेस्टर्न. एका माणसाच्या बायकोला कुणीतरी मारलंय आणि तो नऊ वर्षं त्या खुन्याचा माग काढतोय. सोबत त्याची दहा वर्षांची मुलगी. तो तिला दर गावात कुणाकडे तरी सोडतो आणि ती दर वेळी त्याच्या मागे येते. शेवटी खुनी सापडतो. म्हातारा, एकटा, एका झोपडीत. बाप पिस्तूल घेऊन लाकडी ओसरीवरून दाराकडे निघतो.

आणि इथं सिनेमाच्या दिग्दर्शकबाईंनी कमाल केली होती. बाप दिसतच नाही! पडद्यावर शेवटपर्यंत फक्त मुलीचा चेहरा. ती पिंपाआड लपून ऐकतेय. बाप आत जातो की परत फिरतो, हे फक्त पावलांवरून कळायचं. म्हणजे नऊ वर्षांचा सूड माझ्या टाचेवर येऊन ठेपला होता.

“हा माणूस मी चालणार,” उस्ताद लेकीला म्हणाले. “मग हे काम थांबवेन.”

त्या सकाळी दिग्दर्शकबाई स्वतः आल्या. उस्ताद फळीवर उभे राहिले, कानाला हेडफोन, नजर पडद्यावर. निघालो आम्ही. धाड, धाड, धाड. मलाच माझी लाज वाटली.

“थांबा उस्ताद!” काचेपलीकडून आवाज आला.

उस्ताद चालतच राहिले. तीन पावलं, चार पावलं. मग लेकीने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

“ते जरा रंगात आले होते,” लेक घाईघाईने म्हणाली.

उस्तादांनी तिचे ओठ वाचले. हेडफोन काढला आणि बाईंकडे वळले. “रंगात नाही. मला ऐकू आलं नाही. आठ महिने झाले.”

रेकॉर्डिंगवाला वाईट माणूस नव्हता. तो चाचरत म्हणाला, “बाई, यंत्रात तयार पावलं आहेत. हजारो आहेत. त्यातली लावू या का?”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघू. उस्ताद, तुमचा माणूस मारायलाच चाललाय. त्याचं मन फिरतंय, ते मला ऐकू येत नाहीये.”

उस्तादांना हे अर्धंच समजलं. लेकीला पूर्ण समजलं. तिने चपला काढल्या, आणि अनवाणी फळीच्या दुसऱ्या टोकाला, बरोब्बर पडद्याखाली जाऊन उभी राहिली.

“बाबा, माझ्याकडे बघून चाला. मला फळीतून कळतंय.”

पुन्हा दिवे मालवले. वर पडद्यावरच्या मुलीचा चेहरा, खाली लेकीचा. उस्ताद निघाले. लेकीच्या भुवया आवळल्या, तसं पाऊल हलकं झालं. तिने मान किंचित हलवली, तसं ते लांबलं. पडद्यावरच्या मुलीने डोळे मिटले. सातव्या पावलाला टाच टेकली, पण बोटं टेकेनात. मी अर्धवट हवेत. उस्तादांचा सगळा भार माझ्यात येऊन थांबला होता. तो भार नुसत्या म्हाताऱ्या शरीराचा नव्हता, मी पैजेवर सांगतो. नऊ वर्षं होती त्यात. मग घोटा सैल पडला, मी अलगद वळलो, आणि आम्ही परत निघालो. सिनेमातल्या त्या मुलीकडे. लेक रडत होती, पण तिने माइकजवळ हुंदका येऊ दिला नाही.

काचेपलीकडे दिग्दर्शकबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. “झालं,” त्या म्हणाल्या. “परत नको.”

सिनेमा लागला तेव्हा उस्ताद मला घालून गेले. त्यांच्या पायात पहिल्यांदाच मी त्या खोलीबाहेर कुठंतरी चाललो, दोन जोड मोज्यांवर. थिएटर गच्च भरलं होतं. तो प्रसंग आला. उस्तादांना भलामोठा चेहरा दिसत होता, आवाज मात्र शून्य. ते कावरेबावरे होऊन इकडेतिकडे बघायला लागले. तेव्हा लेकीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बोटांनी एकेक पाऊल वाजवायला सुरुवात केली. जड. जड. जरा हलकं. सातव्याला तिचं बोट वरच थांबलं. ते माझ्या पार तळापर्यंत पोचलं.

“लोक काय करतायत गं?” उस्तादांनी विचारलं. त्यांना वाटलं हळू विचारलं, पण भरल्या थिएटरात ते केवढ्यांदा आलं! आणि तरीही एकाही माणसाने मान वळवली नाही.

पडद्याच्या उजेडात लेकीने तोंड त्यांच्यासमोर आणलं. “ऐकतायत, बाबा.”

उस्ताद आता घरी असतात. मी लेकीच्या पायात असतो, पुरुषांची पावलंही आता तीच टाकते, आणि मला अजून दर वेळी नवल वाटतं. तळ झिजलाय, फार दिवस राहिले नाहीत. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी शेजारी आपलं म्हातारं माणूस घेऊन सिनेमाला बसलात, तर त्याला ऐकू येतंय ना, तेवढं विचारा.