क्लेमची खाच

"गोळीबार बंद! बोल्ट बाहेर!" नोएल पास्को ओरडला आणि त्याने गळ्यातली शिट्टी दोनदा वाजवली.

ओळीतल्या बारा रायफली गप्प झाल्या. कुलगारा रायफल क्लबात नोएलच्या शिट्टीनंतर एकदा कोणीतरी खोकलं होतं आणि नंतर त्याने माफीही मागितली होती, असं लोक गमतीने सांगत. वय त्र्याहत्तर, अंगाने ताडमाड, चाळीस वर्षं कौन्सिलच्या मातीच्या रस्त्यांवर सपाटीकरणाचं यंत्र, ग्रेडर, चालवून पाठीला बाक आलेला. पण शनिवारी नारिंगी जाकीट अंगात चढवून तो मैदानावर उभा राहिला, की समोर गहू पिकवणारा असो की दात काढणारा, सगळ्यांची शाळकरी पोरं व्हायची. जाकिटाच्या पाठीवर 'सुरक्षा अधिकारी' अशी अक्षरं होती. धुऊन धुऊन ती जवळजवळ गेली होती, पण ती वाचायची गरज कोणाला पडत नसे.

गोळीबार थांबला की प्रत्येकाने आपल्या रायफलीचा बोल्ट काढायचा, मागच्या टेबलावरच्या लाकडी पेटीत नेऊन ठेवायचा आणि पांढऱ्या रेघेच्या मागे जाऊन उभं राहायचं, अशी तिथली रीत होती. बोल्ट निघाला की रायफल म्हणजे नुसती नळी, तिच्यातून गोळी सुटायची सोय नाही. नोएल पेटीत बघायचा, मग खांबावरचा लाल झेंडा खाली उतरवायचा. झेंडा उतरला की खळीचा डबा आणि कागदाचे चिटोरे घेऊन दोघंतिघं तीनशे मीटरवरच्या लक्ष्यांकडे भोकं बुजवायला चालत जायची.

पेटीत बारा खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेखाली तापल्या सळईने डागलेलं एकेक नाव. अकरा खाचा भरायच्या. बारावी, क्लेम टुहीची, तीन वर्षं रिकामी होती. पेटी क्लेमनेच केलेली. सुतारकामात त्याचा हात धरणारा त्या मुलखात कोणी नव्हता. तो यायचा थांबला तेव्हा 'ती खाच आता नव्या माणसाला देऊ' असं कोणीतरी म्हणालं होतं. त्यावर नोएलने असे डोळे वटारले की विषय पुन्हा निघाला नाही. पाहुणे आले तर त्यांचे बोल्ट शेजारच्या पत्र्याच्या डब्यात.

आज नोएलने पेटीकडे नजर टाकली. एक खाच रिकामी. म्हणजे ठीक. त्याने झेंडा उतरवला.

"जा गं शोना, माश्या खायच्या आत लावून ये ती खळ."

"तुझ्यापेक्षा माश्या बऱ्या. त्या हुकूम तरी सोडत नाहीत," शोना किट्टो म्हणाली आणि दोघांना घेऊन पुढे निघाली. शोना शाळेची बस चालवायची आणि मैदानावर नोएलची मदतनीस होती. ती तिघं कोरड्या गवतातून लहान लहान होत गेली.

नोएलला रिकामं उभं राहवत नसे. तो ओळीतून चटया सरळ करत निघाला आणि आठव्या चटईपाशी त्याचे पाय जागीच थांबले. रायफल तिवईवर होती, नळी लक्ष्यांकडे. आणि बोल्ट रायफलीतच होता.

तो गुडघ्यांवर बसला. तिवईला धक्का लागू न देता त्याने बोल्ट मागे ओढला. आतून पितळी काडतूस बाहेर आलं आणि त्याच्या तळहातावर पडलं. जिवंत. समोर तीनशे मीटरवर शोना पाठमोरी उभी राहून चिटोरे चिकटवत होती.

"नोएल." मागे डॉक्टर लॉक्सटन येऊन उभा होता. गावातल्या निम्म्या दाढा याने उपटलेल्या. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "पायात गोळा आला रे माझ्या, शिट्टी वाजली तेव्हाच. शेजारच्याने उचलून खुर्चीत नेऊन बसवलं. बोल्ट काढायचा राहूनच गेला. डोक्यातच आलं नाही."

नोएलने काडतुसावर मूठ मिटली.

"कोणी बघितलं नाही," डॉक्टर कुजबुजला. "कोणाला काही झालंही नाही. वहीत लिहू नकोस, बाबा. या वयात परवाना गेला तर परत नाही मिळायचा. मला या शनिवारशिवाय आहे काय दुसरं?"

कोणी बघितलं नाही. कोणाला काही झालं नाही. हीच वाक्यं नोएलने ऐकली होती, पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून नाही. ती त्याची स्वतःची होती.

थंडीतल्या बुधवारी संध्याकाळी स्मारक हॉलच्या मागच्या बंदिस्त रेंजवर छोट्या रायफलींचा सराव चालायचा. तिथे छत बुटकं, दिवे पिवळे आणि वीस पावलांवर लक्ष्य. चार वर्षांपूर्वी तिथेच क्लेमने पहिल्यांदा काडतूस आत ठेवून रायफल खाली ठेवली होती. चाळीस वर्षांचा जोडीदार. दोघांनी एकत्र मासे मारलेले, एकमेकांच्या लग्नात दारू पिऊन भाषणं ठोकलेली. नोएलने ते काडतूस गुपचूप खिशात टाकलं आणि म्हणाला, "थकलास रे. जा, चहा घे." महिन्याभराने क्लेम हातात भरलेली रायफल घेऊन मागे वळला आणि त्याने विचारलं, "नोएल, माझं लक्ष्य कुठलं?" नळी चार माणसांच्या पोटांवरून फिरली. त्या चौघांची नजर नेमकी दुसरीकडे होती. नोएलने हसत हसत नळी खाली दाबली आणि लिहिलं काहीच नाही. त्याच हिवाळ्यात याहून किरकोळ चुकीसाठी त्याने एका प्लंबरला सहा महिने घरी बसवलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

क्लेमच्या बायकोला, डोरीनला, त्याने सांगितलं नाही. क्लेमलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती. मैदानावर साठ जणांना दम देणाऱ्या माणसाला एका मित्राशी चार वाक्यं बोलण्याची भीती वाटत होती.

मग वार्षिक सामना आला. गोळीबार ऐन भरात असताना क्लेम चटईवरून उठला, बोल्ट पेटीत ठेवला आणि खळीचा डबा उचलून लक्ष्यांकडे चालू लागला. झेंडा उतरलेला असावा, तसा निवांत. नोएलने शिट्टी फुंकली, धावत जाऊन त्याची कॉलर धरली आणि दोघंही गवतात कोसळले. इथवर नोएलचं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे. भीतीच्या भरात तो साठ माणसांसमोर ओरडला, "मरायचंय का तुला, म्हाताऱ्या? अक्कल गहाण टाकलीस? चालता हो! पुन्हा मैदानावर दिसू नकोस!"

क्लेमने हॅट झटकली. स्वतः केलेल्या पेटीतून आपला बोल्ट उचलला आणि गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी डोरीन वारली आणि तो वृद्धाश्रमात गेला. नोएल दोनदा त्या आश्रमाच्या फाटकापर्यंत गेला होता. दोन्ही वेळा गाडीतच बसून परत आला.

"बोल्ट मी काढून नेतो," नोएल डॉक्टरला म्हणाला. "तू जाऊन खुर्चीत बस."

तो टेबलापाशी आला. रिकामी खाच लॉक्सटनची होती. क्लेमच्या खाचेत एक नवाकोरा, अनोळखी बोल्ट होता. सकाळी यारिंगाहून एक पाहुणी आली होती. पाहुण्यांच्या वहीत तिची सही नोएलनेच घेतली होती. बिचारीने जागा दिसली तिथे आपला बोल्ट ठेवला होता. तीन वर्षं 'एक रिकामी म्हणजे ठीक' अशी सवय लागलेल्या नोएलच्या डोळ्यांनी मोजलं नव्हतंच. मित्रासाठी राखून ठेवलेली जागा आज तीन जणांच्या जिवावर उठली होती.

शोना आणि ती दोघं परत आली. नोएलने झेंडा चढवला नाही.

"सगळे शेडमध्ये या," तो म्हणाला.

शेडमध्ये चहाचं पाणी उकळत होतं आणि कोणीतरी लॅमिंग्टन केक मांडले होते. नोएलने काडतूस टेबलावर उभं ठेवलं आणि जे झालं ते सांगितलं, काही गाळलं नाही. पाहुणीचं तोंड उतरलं. "मला काय माहीत ती खाच कोणाची आहे ते..."

"तुझी चूक नाही, पोरी. बघायचं काम माझं होतं."

"जाऊ दे नोएल," मागून कोणीतरी म्हणालं. "सगळे धडधाकट आहेत ना? सुंठीवाचून खोकला गेला."

"माझी पाठ होती तिकडे," शोना म्हणाली. तिने हातातला कप खाली ठेवला. "तू झेंडा उतरवलास म्हणून मी गेले. तुझा झेंडा बघून मी कधी मागे वळून बघत नाही, नोएल."

नोएलने जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. 'अरे, असं काय करतोस' असं शोना म्हणेल, अशी त्याला आत कुठेतरी आशा होती. ती म्हणाली नाही, आणि ते योग्यच होतं. पण त्याला फार लागलं.

मग त्याने अपघातांची वही मागवली आणि बसून लिहिलं. शोना त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

"तीन नोंदी कसल्या?" ती म्हणाली. "आणि या दोन तर चार वर्षांपूर्वीच्या."

"हो. क्लेमच्या."

"तेव्हाच का नाही लिहिल्यास?"

"मित्र होता."

शोनाने कोपऱ्यात बसलेल्या लॉक्सटनकडे पाहिलं. "डॉक्टरही मित्रच आहे की."

"म्हणूनच आज लिहितोय," नोएल म्हणाला. मग डॉक्टरसमोर खुर्ची ओढून तो बसला. "ऐक. मी ओरडणार नाहीये. परवान्याचं काय होईल ते होईल. पण शनिवारी तू यायचंस. गुण लिहायला माणूस लागतो, चहा करायला लागतो. न्यायला मी येईन."

डॉक्टरने मान हलवली. डोळे पुसायला त्याने चष्मा काढला, तेव्हा नोएलने दुसरीकडे पाहिलं. एवढं साधं होतं ते. चार वाक्यं. ही चार वाक्यं चार वर्षांपूर्वी स्मारक हॉलच्या मागे बोलली असती, तर क्लेम मान खाली घालून गेला नसता.

निघताना त्याने शोनाला विचारलं, "पेटी उद्याचा दिवस नेऊ?"

"ने. पुढच्या शनिवारपासून मी बोल्ट मोजून घेणार आहे. नावं बघून नाही."

"तेच बरं."

रविवारी सकाळी तो आश्रमाच्या फाटकाशी थांबला, आणि या वेळी गाडीतून उतरला. क्लेम व्हरांड्यात खुर्चीत बसला होता. समोर कापणी झालेलं शेत पसरलेलं होतं. माणूस निम्मा झाला होता, हात मात्र तेच, सुताराचे.

"क्लेम, मी नोएल."

क्लेमने त्याच्याकडे पाहून ओळख नसलेल्या माणसाला देतात तसं सभ्य हसू दिलं. "वारा कुठून आहे आज?"

"पश्चिमेकडून. हलकाच आहे." नोएल शेजारी बसला. घरून निघाल्यापासून घोकलेलं एका दमात बोलून टाकलं. "मी तुला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोललो. त्याआधी बाजूला घेऊन बोलायला हवं होतं, ते बोललो नाही. भ्यालो. चुकलं माझं, क्लेम. फार चुकलं."

क्लेम शेताकडे बघत राहिला. ते शब्द त्याच्यापर्यंत पोचले की नाही, कळायला मार्ग नव्हता. नोएलने पेटी त्याच्या मांडीवर ठेवली.

बोटांना मात्र ओळख पटली. ती कोपऱ्यांच्या सांध्यांवरून फिरली, झाकणाच्या बिजागरीवर थांबली, मग एकेका खाचेत शिरू लागली. पहिली, दुसरी, तिसरी. क्लेम पुटपुटत मोजत होता. बारावीपर्यंत गेला, आणि त्याने दचकून मान वर केली.

"एकही बोल्ट नाही यात," तो म्हणाला. आवाज जुना, खणखणीत. "माणसं कुठेत?"

"मागे आहेत. सगळी रेघेच्या मागे."

"झेंडा?"

"वर आहे."

"उतरवू नकोस. कोणाला पुढे सोडू नकोस." क्लेमने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अधिकारी कोण आहे आज?"

"तू आहेस," नोएल म्हणाला.

क्लेम ताठ बसला. दोन्ही हातांनी त्याने पेटी धरली आणि नजर शेतावर रोखली. जेवायला बोलवायला आतून एक परिचारिका आली, तेव्हा त्याने हात वर करून तिला थांबवलं. ती गोंधळून नोएलकडे बघू लागली. नोएलनेही तिला मानेने थांबायची खूण केली. मग तो उठला आणि क्लेमच्या खुर्चीमागे जाऊन, हात मागे बांधून, हुकमाची वाट बघत उभा राहिला.