यादीतलं वरचं नाव

उमरीच्या स्टेशनमागे, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून पत्र्याचं एक चर्च आहे. चर्च म्हणायचं म्हणून म्हणायचं. आत दोन सतरंज्या, एक पंखा, भिंतीवर लाकडी क्रूस आणि दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता प्रार्थनेला जमणारी वीस-बावीस माणसं. त्यांचे पाळक देविदास. वय अठ्ठावन्न, आवाज खणखणीत, आणि गेल्या अकरा महिन्यांपासून आतून पार बधिर.

बधिर हा शब्द त्यांचाच. दाढ काढायच्या आधी नांदेडच्या डॉक्टरांनी सुई दिली होती, तेव्हा गाल आपला असून आपला वाटत नव्हता. बायको गेली त्या दिवसापासून सगळ्या अंगाचं तसंच झालं होतं. भूक लागायची, झोप यायची, रविवारचा उपदेशही ठरल्या वेळेत व्हायचा. लोक म्हणायचे, पास्टरनी दुःख किती धीरानं घेतलं! धीर कसला आणि काय. दुःख घ्यायला आत कुणी जागं तर पाहिजे. प्रार्थना म्हणजे त्यांच्या तोंडातून निघणारे शब्द झाले होते, आणि प्रार्थना न करता येणाऱ्या पाळकानं चर्चची किल्ली जवळ ठेवू नये, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. नाताळ उरकला की राजीनामा द्यायचा, असं ठरवून लातूरच्या मुख्य मंडळीला लिहिलेलं पत्र त्यांनी बायबलच्या कव्हरमध्ये घालून ठेवलं होतं.

गुरुवारच्या प्रार्थनेची एक वही होती, आणि त्या वहीची रीत पक्की होती. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव आणि कारण तिच्यात लिहायचं. मागणं पुरं झालं की नावापुढे लाल पेनानं खूण करायची, तारीख टाकायची, आणि ज्यानं मागितलं त्यानं उभं राहून साक्ष द्यायची. आजारी माणूस गेलंच, तर निळ्या पेनानं 'प्रभूत निजला' नाहीतर 'प्रभूत निजली' लिहायचं आणि सगळ्यांनी मिनिटभर उभं राहायचं. उरलेली नावं दर बुधवारी नव्या पानावर उतरवायची. हे काम देविदासांच्या बायकोचं, सिंधुचं. घरात अक्षर तिचंच चांगलं.

सिंधु आजारी पडली तेव्हा तिनं स्वतःच्याच हातानं लिहिलं, 'सिंधु देविदास, किडनी'. चर्चनं चाळीस दिवस उपास-प्रार्थना केली. जानेवारीतल्या एका सोमवारी नांदेडच्या दवाखान्यात ती गेली. मंगळवारी माती दिली. बुधवारी देविदासांनी वही उघडली, तिच्या अक्षरातलं मागचं पान समोर ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत उतरवून काढलं. सगळ्यात वर तिचंच नाव होतं. गुरुवारी त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, आणि लोकांनी सवयीनं आमेन म्हटलं.

पुढच्या गुरुवारी ते नाव गाळता आलं असतं. हात वळला नाही. मग पडत गेलं ते अंगवळणी. अकरा महिने दर गुरुवारी यादी 'सिंधु देविदास, किडनी' इथूनच सुरू व्हायची, आणि एकाही माणसानं ब्र काढला नाही. मातीत गेलेल्या बाईच्या किडनीसाठी प्रार्थना करणारा पाळक आमच्या तरी ऐकिवात नाही. लातूरच्या मुख्य मंडळीच्या साहेबांना कळलं असतं, तर त्यांनी पत्राची वाट न बघता किल्ली मागून घेतली असती.

आता देविदासांचं आणि टीव्हीचं वैर सांगायला हवं. टीव्ही म्हणजे आपणच हप्ते भरून घरात आणलेला सैतान, असं ते वर्षातून निदान चार रविवार तरी सांगायचे. मोबाईल आल्यावर सैतानाचा आकार तेवढा लहान झाला. नाताळात पोरांनी सिनेमाच्या चालीवर येशूचं गाणं बसवलं, तर ते मधेच उठून पेटीचा भाता बंद करायचे. त्यांच्या घरात टीव्ही नव्हता. म्हणून सिंधु रोज साडेसातला "नागाबाईंकडं प्रार्थनेला जाऊन येते" म्हणून निघायची, आणि बरोबर आठला परत यायची. रोज अर्ध्या तासात आमेन होणारी ही प्रार्थना कोणती, हे न कळण्याइतके देविदास खुळे नव्हते. पण विचारलं तर रागवावं लागलं असतं, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही.

हल्ली ते वैरही विझलं होतं. स्टेशनवरच्या बाकावर बसलं की शेजारी कुणीतरी मोबाईलवर रील बघत फिसफिस हसत असायचं. आधी देविदासांचं डोकं फिरायचं. आता त्या माणसाकडे बघून त्यांच्या मनात यायचं, याला निदान हसू तरी येतंय.

नोव्हेंबरच्या एका गुरुवारी नागाबाई प्रार्थनेत उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, जिनिंगमध्ये सरकी गोळा करण्यात उभा जन्म गेलेला, बोलणं मोजकं. म्हणाल्या, "रेणुकासाठी प्रार्थना करा, पास्टर. पुरात व्हाऊन गेल्ती. घावली, पन दवाखान्यात हाय. शुद्धीवर न्हाई."

"कोण लागते तुमची?"

"लेकीवानी हाय."

सतरंजीवर जरा चुळबुळ झाली. देविदासांनी तिकडे लक्ष दिलं नाही. हिमायतनगरकडे नागाबाईंचं माहेर, तिकडची कुणी भाची असेल, असं धरून त्यांनी लिहिलं, 'रेणुका, बेशुद्ध'.

आणि एक नवलच झालं. या न पाहिलेल्या पोरीसाठी त्यांना प्रार्थना जमू लागली. बाकीची नावं ते नुसती वाचून काढायचे, पण रेणुकापाशी आले की थांबायचे. ती कशी दिसत असेल, उशाशी कोण बसत असेल, तिच्याही नाकात नळी असेल का, असले विचार मनात यायचे. पहाटे अंगणात चूळ भरताना ते आपसूक म्हणायचे, "प्रभू, त्या पोरीला डोळे उघडू दे." चार शुक्रवार त्यांनी तिच्यासाठी उपास केला. दाढेची सुई उतरायला लागते तेव्हा आधी ओठाच्या कडेला मुंग्या येतात, तितपत काहीतरी त्यांना जाणवायला लागलं होतं. कधी नव्हे ते पत्राचाही विसर पडायला लागला.

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी दुपारी उज्वला आली. ही अंगणवाडीत मदतनीस, चर्चमध्ये गाणी हीच उचलायची. पंधरा मिनिटं ती नाताळच्या चांदणीविषयी बोलत राहिली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "पास्टर, रागावू नका. ती रेणुका शिरेलीतली हाय."

"कुठली?"

"टीव्हीवरली. साडेसातची शिरेल लागती न्हाई का, तिच्यातली थोरली सून. खरीखुरी न्हाईच ती. नागाबाईंनी नाव घेतलं तवाच आमाला कळलं व्हतं. पन तुमी इतकं जीव लावून करून राहिले, मग कुनाला बोलू वाटलं न्हाई. आता लातूरचे साहेब नाताळला येनार. त्यांच्यासमोर नगं म्हनून सांगायला आले."

ती गेल्यावर देविदासांनी वही उघडून ते नाव पुन्हा वाचलं. वर्षभरात मनापासून केलेली एकच प्रार्थना, आणि ती गेली रंग फासून पलंगावर पडलेल्या नटीला. म्हणजे पोरं चार गुरुवार मनात हसत होती. त्यांना राग आला. चांगला कानशिलं तापवणारा राग आला, आणि इतक्या महिन्यांनी काहीतरी येतंय याचंच त्यांना आधी आश्चर्य वाटलं. साडेसातला ते तडक रेल्वे फाटकापलीकडे नागाबाईंच्या घरी गेले.

नागाबाई पत्र्याच्या पेटीवर ठेवलेल्या टीव्हीसमोर, खाली पोत्यावर बसल्या होत्या. शेजारची लाल प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. पाळकाला दारात बघून त्या दचकल्या नाहीत की टीव्ही बंद करायला उठल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या, "आत्ताच लागली." बोलायचं ते उभ्यानं बोलून निघायचं असं ठरवून आलेले देविदास खुर्चीवर बसले. नागाबाईंनी एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि पुन्हा टीव्हीकडे.

पडद्यावर एक गोरीपान पोरगी डोळे मिटून पडली होती. नाकात नळी होती, पण केसांची एक बट हललेली नव्हती. उशाशी सासू रडत होती, तिच्या अंगावर निदान दहा तोळे सोनं असेल. देविदासांना सिंधुचे हात आठवले. शेवटच्या आठवड्यात ते इतके सुजले होते की नर्सनं बांगड्या कात्रीनं कापल्या होत्या, आणि त्या कागदात गुंडाळून देविदासांच्या हातात दिल्या होत्या. दवाखान्यात असं सुंदर कुणी दिसत नाही, हे यांना कुणीतरी सांगायला पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. तरीही ते बघत राहिले.

जाहिराती लागल्या. नागाबाईंनी आवाज कमी केला.

"उज्वलानं सांगितलं जनू."

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, नागाबाई."

"न्हाई. तुमी इचारलं कोन लागते, मी म्हनलं लेकीवानी हाय. रोज बघते तिला, मग लेकीवानीच की." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "ही खुर्ची सिंधुबाईंची हाय. नऊ वर्सं बसल्या त्या हितं. दवाखान्यात मी भेटाया गेले, त्याच्या आदल्या दिशी ही पोरगी पुरात पडल्ती. सिंधुबाईंला दम लागल्याला, तरी पयलं इचारलं, रेनुका घावली का? मी म्हनलं न्हाई अजून. तर म्हनल्या, मी असो नसो, तिचं काय व्हतंय ते बघा, अन् मला सांगा."

 त्याच दिवशी देविदास खाटेपाशी बसून स्तोत्र वाचत होते, आणि सिंधुनं डोळे मिटून घेतले होते. ती प्रार्थनेत आहे, असं त्यांना वाटलं होतं.

"आता घावली ती," नागाबाई म्हणाल्या. "दवाखान्यात नेली. मला वाटलं, एकीसाठी एवढं मागितलं, न्हाई झालं. ही तरी बाहीर निघू दे. म्हनून नाव दिलं."

मालिका परत सुरू झाली. संगीत वाढत गेलं, सासूनं हात जोडले, पोरीचं एक बोट हललं, आणि साडेसातच्या मालिकेत जे कधीतरी होणारच होतं ते झालं. रेणुकानं डोळे उघडले.

"स्तुती असो," नागाबाई शांतपणे म्हणाल्या. देविदासांनी खाली पाहिलं तर खुर्चीचा हात त्यांनी घट्ट आवळून धरला होता.

"उद्या साक्ष देते मी," नागाबाई टीव्ही बंद करत म्हणाल्या.

"नको. लोक हसतील. ते नाव मी खोडून टाकतो."

"खोडता कशाला? बरी झाली की."

"नागाबाई, ती खरी नाही."

"मला कळतंय ते. येडी न्हाई मी." त्यांनी पदरानं टीव्हीची काच पुसली. "ती खोटी म्हनून खोडता. मग वरलं नाव? सिंधुबाई तर खऱ्या व्हत्या. त्यांला कवर आजारी ठेवता, पास्टर?"

देविदास उठले आणि चप्पल घालून घरी आले. त्या बुधवारी त्यांनी यादी नव्या पानावर उतरवली नाही.

गुरुवारी पाचला सगळे जमले. नागाबाई उभ्या राहिल्या आणि सरळ सांगून मोकळ्या झाल्या, "आपन मागितलं, रेनुकानं काल डोळे उघडले. सिंधुबाईंला सांगायचं व्हतं, ते आज सांगते." दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. मागं एक पोरगा फिसकन हसला आणि त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला. देविदासांनी लाल पेन काढलं, रेणुकापुढे खूण केली आणि तारीख टाकली. त्यांनी आमेन म्हटलं, तेव्हा सगळ्यांनी म्हटलं.

मग त्यांची नजर पानाच्या वरच्या टोकाला गेली. खिशात निळं पेन नव्हतं. अकरा महिन्यांत त्याचं काम पडलं नव्हतं. ते खिसे चाचपत राहिले, तोच उज्वलानं पर्समधून आपलं पेन काढून पुढे केलं. ते घेऊन देविदास वहीवर वाकले. पुढे काही सांगायच्या आतच सतरंज्यांवर सळसळ झाली. त्यांनी मान वर केली तर बावीसच्या बावीस माणसं उभी होती. हसलेला पोरगाही उभा होता. कुणी कुणाला खुणावलं नव्हतं. जानेवारीपासून ती सगळी या घडीची वाट बघत होती, हे देविदासांना तेव्हा कळलं.

त्यांनी लिहिलं आणि रीतीप्रमाणे मोठ्यानं वाचलं. "सिंधु देविदास. प्रभूत निजली. तेरा जानेवारी." जानेवारी म्हणताना तो खणखणीत आवाज फुटला आणि सुई एकदम उतरली. दुखलं. छातीपासून बोटांपर्यंत इतकं दुखलं की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि सगळ्यांसमोर, तोंड न झाकता, ते रडायला लागले.

रीत मिनिटभर उभं राहायची होती. मिनिट होऊन गेलं, पाच झाली, पण पाळक रडतोय तोवर कुणी खाली बसलं नाही. शेवटी नागाबाईंनी त्यांना दंडाला धरून सतरंजीवर बसवलं, आणि यादीतली राहिलेली नावं उज्वलानं वाचली.