मॅक, पीसी आणि उलट वकिली

त्या घरात एक कायदा होता. सरकारनं केलेला नव्हे, नवरा-बायकोनं मिळून केलेला, त्यामुळे जरा जास्तच कडक. कायदा असा की, घरात यायच्या वस्तूवरून दोघांचं जमेना झालं तर प्रत्येकानं समोरच्याची बाजू मांडायची. स्वतःची नाही, समोरच्याची! आणि ती अशी मांडायची की ऐकणाऱ्यानं म्हणावं, "अगदी बरोबर, मला स्वतःलाही इतकं नीट सांगता आलं नसतं." मग घराबाहेरचा कुणीतरी न्यायाधीश धरून आणायचा, तोही आलटून पालटून, एकदा त्याच्या पसंतीचा, एकदा तिच्या. त्या न्यायाधीशानं तोंडी निकाल द्यायचा आणि दोघांनी तो मुकाट्यानं पाळायचा.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका कपाटावरून घरात असा अबोला धरला गेला की मिठाची बरणी मागायलासुद्धा चिठ्ठ्या लिहायची वेळ आली. तेव्हा ही युक्ती निघाली. उलट वकिली, असं तिचं नाव. सोफ्याच्या खटल्यात नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबरच न्यायाधीश झाला होता. त्याला ते काम इतकं आवडलं की त्यानं दोन्ही बाजू पुन्हा एकदा ऐकल्या, निळा सोफा घ्या म्हणून निकाल दिला, चहा घेतला आणि ऐटीत निघून गेला. नळ गळतच राहिला, पण निकाल मात्र पाळला गेला.

तर अशा या घरातला कॉम्प्युटर मरायला टेकला. जुना पीसी होता. चालू केला की पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, आणि तापला की मध्येच डोळे मिटायचा. नवऱ्यानं त्याच्या खोक्याची एक बाजू कायमची उघडी काढून ठेवली होती आणि समोर टेबलफॅन लावला होता. पाहुण्यांना वाटायचं, घरात कुणीतरी आजारी आहे.

नवीन घेणं भाग होतं, आणि घ्यायचा एकच. तिला हवा होता मॅक. ती घरी बसून पुस्तकांची मांडणी करायची, मुखपृष्ठं करायची. मागच्या एका मुखपृष्ठावरचा लाल रंग तिच्या पडद्यावर डाळिंबासारखा दिसत होता आणि छापून आला तो विटेसारखा. प्रकाशक काही बोलले नाहीत, नुसतं "हं" म्हणाले. ते "हं" तिच्या जिव्हारी लागलं होतं. छापखान्यात सगळे मॅकवर काम करत. ती एकदा तिथे बसली होती. आवाज नाही, तापणं नाही, रंग कसे स्वच्छ! आपणही कुणीतरी आहोत, असं तिला त्या खुर्चीत वाटलं होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला पीसीच हवा होता, आणि कारण एकच: गेम. दर रविवारी दुपारी तो आणि त्याचा थोरला भाऊ आपापल्या घरी बसून एका गेममध्ये ट्रक चालवत. कानाला हेडफोन लावायचा आणि कुठल्या तरी खोट्या गावाहून कुठल्या तरी खोट्या गावाला खोटं सिमेंट पोचवायचं. त्यांचा तो गेम मॅकवर चालतच नव्हता. तिच्या मते हा शुद्ध लष्करच्या भाकऱ्या भाजण्याचा प्रकार होता, आणि तसं ती तोंडावर म्हणायचीही.

एवढं असून ती "मॅक" म्हणाली तेव्हा नवरा एका दमात म्हणाला, "घे मॅक."

आता बघा, ज्या माणसानं चहाच्या गाळणीवरून खटला लढवलेला आहे, तो कॉम्प्युटरवर हसत हसत हार मानतो! पाणी कुठेतरी मुरतंय, हे तिनं ओळखलं.

"असं नाही चालणार. खटला होऊ दे," ती म्हणाली.

"मला नाही लढायचं. तुझं काम मोठं की माझा खेळ? घे म्हणतोय ना."

"कायदा म्हणजे कायदा. उभा राहा आणि माझी बाजू मांड."

तो उभा राहिला आणि त्यानं तिची बाजू अशी काही मांडली की ती बघतच राहिली. विटेसारखा लाल त्याला माहीत होता. छापखान्यातली ती खुर्ची माहीत होती. प्रकाशकांचं "हं"सुद्धा त्यानं हुबेहूब काढून दाखवलं. "आता तू," तो म्हणाला आणि खाली बसला.

ती उठली, घसा साफ केला आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला याची बाजू माहीतच नाही. पीसीवर गेम चालतात. पुढे काय? इतकी वर्षं एक माणूस दर रविवारी खोटं सिमेंट का वाहतो, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. ती ओशाळली. "मला तारीख पाहिजे," ती म्हणाली, आणि कायद्यात तशी सोय असल्यामुळे तिला तारीख मिळाली.

रविवारी जेवणं होतात न होतात तोच नवऱ्याला फोन आला. कुठेशी लिफ्ट अडकली होती, आत माणसं होती. तो अवजारांची पिशवी उचलून पळाला. दारातून ओरडला, "दादाला कळव, मी आज नाही म्हणून. फोन नको करूस, गेमवरच लिहून टाक."

फोन नको, हे सांगायची गरजच नव्हती. थोरले दीर फोन उचलत नसत. ते तोतरे बोलत, आणि तेही थोडंथोडकं नाही, शब्द ओठांवर आला की तिथेच रुतायचा. दुसऱ्या गावात एका प्रयोगशाळेत ते दातांच्या कवळ्या बनवायचे. दिवसभर लोकांची तोंडं घडवणारा माणूस आणि स्वतःचं तोंड उघडत नाही, असं नातेवाईक हसून म्हणायचे. ती कधी हसली नाही. उलट ती मदत करायची. ते "पा... पा..." म्हणाले की ती लगेच, "पाणी ना? आणते हं!" ते "व... व..." म्हणाले की, "हो भाऊजी, वाढते." त्यांना बोलायचा त्रास नको म्हणून ती त्यांचं प्रत्येक वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची, आणि घरातली सगळी तिला म्हणत, किती समजून घेतेस ग तू त्यांना.

तिनं टेबलफॅन लावला, गिरणी सुरू केली, हेडफोन चढवला. लिहायचं कुठे ते सापडेना. पडद्यावर एक मोठा निळा ट्रक उभा होता, आणि कानात आवाज आला:

"आलास का रे? किती वाट बघायची! आज लाकूड न्यायचंय, घाट आहे, आणि मागच्या वेळेसारखा तू पुढे घुसलास तर मी तुला दरीत ढकलणार, सांगून ठेवतो. काय रे, गप्प का? बायकोनं झापलं वाटतं!"

तिनं हेडफोन काढून बघितला. खरंच कुणाचा आवाज हा? आवाज दिरांचाच होता. पण हे सलग बोलणं, ही चेष्टा? तिला काय करावं सुचेना आणि घाबरून तिनं कळ दाबली. ट्रक निघाला आणि समोरचं फाटक मोडून रस्त्यावर आला.

कानात हसणं फुटलं. "अरे, झिंगलायस काय?"

"भाऊजी," ती म्हणाली, "मी आहे."

तिकडचं हसणं जागीच तुटलं. मग, "व... व... व..."

"वहिनीच, हो," ती सवयीनं म्हणाली. आणि पलीकडचा आवाज बंदच झाला.

पण ट्रक काही बंद झाला नव्हता! तो आपला उतारावरून सुसाट निघाला होता. समोर वळण, पलीकडे दरी. "अग बाई!" ती किंचाळली.

"कळ सोडा! डावीकडे... ब्रेक, हळूहळू दाबा, एकदम नाही. आता सोडा. शाब्बास. माझ्या मागे मागे या, माझे लाल दिवे बघत राहा."

ती लाल दिवे बघत राहिली. घाट असा काही होता की तिचे दोन्ही हात आणि अख्खा जीव त्या वळणांत अडकला. भाऊजी बोलत होते. मधूनच एखादा शब्द रुतायचा, तिला तो कळायचाही, पण तो पुरा करायला तिला उसंतच नव्हती. आणि मग तो शब्द आपला आपणच पुरा व्हायचा. दुसरा यायचा. तिसरा यायचा. घाट उतरून सपाटीला लागेपर्यंत भाऊजींनी तिला कवळ्यांचं सगळं शास्त्र सांगितलं होतं, त्यांच्या साहेबांची नक्कल केली होती, आणि तिचं ट्रक चालवणं किती भयंकर आहे हेही तोंड भरून सांगितलं होतं.

"भाऊजी, तुम्ही इथे किती बोलता हो," ती शेवटी म्हणाली.

"इथे कुणी तोंडाकडे बघत नाही," ते म्हणाले. "आणि धाकटा मध्ये बोलत नाही. तो थांबतो." पुढचे लाल दिवे जरा हळू झाले. "साहेब म्हणतात, नवीन मुलांना शिकवायचं काम घे. मी दोनदा न... नाही म्हणालो. आता तिसऱ्यांदा विचारलंय. मी रविवारी इथे स... सराव करतो. धाकट्याला शिकवतो. त्याला आता अख्खी कवळी करता येईल."

आयुष्यात पहिल्यांदाच तिला मध्ये बोलावंसं वाटलं नाही. तेवढ्यात जुना पीसी तापला आणि त्यानं डोळे मिटले.

नवरा परतला तेव्हा ती अंधारलेल्या पडद्यासमोर बसून रडत होती. चांगली मोठ्यानं, हुंदके देऊन.

"मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली. "मी त्यांचा प्रत्येक शब्द तोडत होते आणि वर कौतुक करून घेत होते!"

तो तेलकट हातांनी तसाच उभा राहिला. "दादानं शपथ घातली होती. म्हणाला, वहिनीला कळलं तर तिला फार लागेल, ती मायेनंच करते."

"आणि तू मॅक घे म्हणालास! मग त्यांनी बोलायचं कुठे?"

"तुझं कामही कामच आहे ना," तो म्हणाला. यावर तिला पुन्हा रडू आलं.

डोळे पुसल्यावर मात्र ती कामाला लागली. दुकानात जाऊन आली, छापखान्यात विचारून आली. खटला उभा राहिला. न्यायाधीश निवडायची पाळी तिची होती आणि तिनं निवडले थोरले दीर. नवरा म्हणाला, "तो फोन उचलणार नाही." तिनं दिरांना एवढंच लिहिलं: उद्या फोन करते, न्यायाधीश तुम्ही, निकाल तोंडी.

फोन बराच वेळ वाजला. मग उचलला गेला.

नवऱ्यानं मॅकची बाजू मांडली, पहिल्यासारखीच झकास. मग ती उभी राहिली. तिनं सांगितलं की तिच्या मांडणीची सॉफ्टवेअरं पीसीवरही चालतात. रंगांसाठी चांगला पडदा वेगळा घेता येतो, आणि छापखान्यातला माणूस येऊन तो कागदाशी जुळवून द्यायला तयार आहे. पीसीचं खोकं उघडता येतं, बिघडलेला भाग बदलता येतो, आणि घरात अवजारं घेऊन फिरणारा एक माणूस फुकट आहे. "आणि माझ्या पक्षकाराचं म्हणणं असं की," ती म्हणाली, "त्याला रविवारी त्याचा भाऊ भेटतो. दुसरीकडे कुठेच भेटत नाही." नवऱ्यानं मान खाली घातली. स्वतःची बाजू इतकी नीट त्यानंही कधी ऐकली नव्हती.

"निकाल द्या, भाऊजी," ती म्हणाली.

फोनमधून नुसता श्वास आला. मग, "म... म... मॅ..."

शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिनं ओठ दातांखाली घट्ट धरले. नवरा तिच्याकडे बघत होता. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं. शब्द रुतला, मागे गेला, पुन्हा आला.

"मॅ... मॅक," भाऊजी म्हणाले. "तुमचं प... पोट त्यावर आहे, वहिनी. खेळाचं काय! मी फो... फोन करत जाईन. जमेल तसं. तेवढाच स... सराव."

दोघांनीही एकमेकांकडे बघितलं. स्वतःची एकुलती एक बोलायची जागा त्या माणसानं देऊन टाकली होती, आणि तीही फोनवर, तोंडानं, कुणाच्या मदतीशिवाय.

"भाऊजी," ती म्हणाली, "या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच सांगते, निकाल मान्य नाही. पीसीची ऑर्डर मी सकाळीच देऊन आले."

तिकडे ते हसायला लागले. "म... मग मला वि... विचारलं क... कशाला?"

ती थांबली, त्यांचं वाक्य पुरं संपेपर्यंत थांबली.

"तुमचा आवाज ऐकायला," ती म्हणाली.