मंगलाष्टकांची सात मिनिटं

प्लेअरने डिस्क पुन्हा बाहेर ढकलली. टीव्हीच्या निळ्या पडद्यावर, ही डिस्क वाचता येत नाही, असा इंग्रजी शेरा उमटला आणि विनायकरावांनी रिमोट सोफ्यावर आपटला.

"कॉम्प्युटरवर चालते, मग इथं काय धाड भरली हिला?"

"मी व्हिडिओची फाइल जशीच्या तशी उतरवली हो," आतल्या खोलीतून वंदनाताई म्हणाल्या. "टीव्हीच्या प्लेअरला तशी चालत नाही. त्याच्या पद्धतीची डीव्हीडी बनवावी लागते, मेनू वगैरे घालून. होतच आलीय. दोन मिनिटं."

दोन मिनिटं म्हटल्यावर विनायकराव जास्तच भडकले. सकाळी नऊपासून ते अशा दोन-दोन मिनिटांवर दिवस ढकलत होते. त्यांचे व्याही दिलीपराव कामासाठी भोपाळला आले होते आणि साडेपाचला इंदूरला परत निघणार होते. उद्या त्यांच्याकडे सत्यनारायण होता. जेवणं झाल्यावर चाळीस माणसांना विनायकरावांच्या लेकीच्या, वैजूच्या लग्नाची डीव्हीडी दाखवायची असं ठरलं होतं. शूटिंगवाला कॅसेटी हातात देऊन जो गावाला गेला तो चार महिने उगवलाच नव्हता. शेवटी वंदनाताईंनीच ते काम अंगावर घेतलं. वसाहतीच्या महिला क्लबात त्या एडिटिंग शिकल्या होत्या आणि सहलीच्या दोन-तीन फिल्म त्यांनी बऱ्या जमवल्या होत्या.

विनायकराव हॉलमधून स्वयंपाकघरात गेले, पाणी न पिताच परत आले, खिडकीतून पिपलानी वसाहतीचा रिकामा रस्ता पाहिला आणि पुन्हा स्वयंपाकघराकडे वळले. कारखान्यात ते अठ्ठावीस वर्षं तपासनीस होते. आपण पाहिल्याशिवाय एक नट फाटकाबाहेर जात नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. तेव्हा डीव्हीडीही त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय जाणार नव्हती. शिवाय त्यांची एक अट होती. सदाशिव तिच्यात कुठेही दिसता कामा नये.

सदाशिव हा वंदनाताईंचा थोरला भाऊ. राहायचा भोपाळमध्येच, टी. टी. नगरात, सरकारी नोकरीत होता आणि जिभेला त्याच्या हाड नव्हतं. लग्नाच्या पंगतीत व्याह्यांशेजारी बसून त्याने मोठ्या रंगात सांगितलं होतं की आमचे भाऊजी बढतीच्या परीक्षेत तीनदा नापास झाले आणि चौथ्यांदा साहेबाला दया आली. पंगत हसली, दिलीपराव हसले आणि जिलबी घेऊन विसरलेसुद्धा. विनायकराव विसरले नाहीत. चार महिने सदाशिवच्या घराशी येणं-जाणं बंद होतं. वैजूच्या सासरच्या माणसांसमोर तो पुन्हा पडद्यावर आला तर सगळ्यांना तेच आठवेल, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

मामा कापणं म्हणजे काय, हे वंदनाताईंना ठाऊक होतं. वैजूला बोहल्यावर आणणारा मामाच, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहणारा मामाच. त्यातून मुलीच्या आईने मंगलाष्टकं पाहायची नाहीत, त्या वेळी तुळशीला पाणी घालायचं, ही घरची रीत. त्यामुळे पोटच्या पोरीचं लग्न त्यांनी पाहिलं तेच मुळी या कॉम्प्युटरवर. त्यातून भावाला बाहेर काढताना त्या रडल्या होत्या. नवऱ्याचा इतका राग त्यांना तीस वर्षांत आला नव्हता. पण अट मोडली नव्हती.

"झाली," त्या बाहेर येत म्हणाल्या. डिस्क अजून गरम होती.

या वेळी प्लेअरने ती निमूट गिळली. मेनूवर वैजूचा फोटो आला, खाली हळद, सीमांतपूजन, लग्न अशी ओळ आली. विनायकराव पुढे सरकून बसले. हळद पास झाली. सीमांतपूजनही पास झालं. मग वैजू एकदम बोहल्यावर उगवली. भटजी, अक्षता, जावयाची आई, फुलांची कमान, पुन्हा अक्षता, आणि टाळ्या.

"एवढ्यात संपलं?"

"सात मिनिटांची होती. पन्नास सेकंद उरली."

त्यांनी ते मागे नेलं आणि पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना ते उठून टीव्हीजवळ गेले.

"अगं, मी कुठं आहे?"

"नाही आहात."

"नाही म्हणजे? पोरीचा बाप मी, आणि लग्नात मीच नाही? काय गडबड करून ठेवलीस?"

"तुम्ही सांगितलंत तसंच केलं," वंदनाताई म्हणाल्या. "या इकडे."

आतल्या कॉम्प्युटरवर त्यांनी मूळचं शूटिंग लावलं. वैजूच्या मागे सदाशिव उभा होता. त्याचा डावा हात भाचीच्या खांद्यावर होता. उजव्या हाताने त्याने विनायकरावांचं मनगट धरलं होतं. विनायकरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिसऱ्या मंगलाष्टकाला त्यांचे गुडघे वाकले. सदाशिवने त्यांच्याकडे न पाहताच कमरेत हात घालून त्यांना वर ओढलं आणि आठवं संपेपर्यंत तसंच धरून ठेवलं. अंतरपाट बाजूला झाला, सगळे नवरा-नवरीकडे धावले, तेव्हा त्याने आपल्या उपरण्याने त्यांचं कपाळ पुसलं.

विनायकरावांना त्या दिवसातलं एवढंच आठवत होतं की मांडवात फार उकडत होतं.

"मला कुणी बोललं नाही," ते म्हणाले.

"मला तरी कुठे माहीत होतं? मी तुळशीपाशी होते." वंदनाताईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "दादाने परीक्षेची गोष्ट सगळ्या पंगतीला सांगितली. ही मात्र मलासुद्धा सांगितली नाही."

विनायकराव हॉलमध्ये गेले. खिडकीपर्यंत गेले, परत आले, दारात उभे राहिले.

"वापस घालायला किती वेळ?"

"जोडायला दहा मिनिटं. पुढे एक्सपोर्ट करून सगळ्याची एक फाइल, मग मेनू, मग डिस्क उतरवायची. अडीच तास तरी."

घड्याळात चार वाजून गेले होते. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि फोन उचलला.

"दिलीपराव, डीव्हीडी आज व्हायची नाही. उद्या सकाळच्या गाडीने मी स्वतः घेऊन येतो."

"का हो, बिघडली का?"

"बिघडली नाही. तिच्यात एक माणूस राहून गेलाय."

"अहो, एवढ्या गर्दीत एखादा राहायचाच. कोण राहिलं?"

आतल्या खोलीत चाललेली माउसची टिकटिक थांबली.

"वैजूचा मामा," विनायकराव म्हणाले. पण ते इतक्या हळू म्हणाले की दिलीपरावांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा विनायकरावांना ते मोठ्याने सांगावं लागलं.