अलाउद्दीनचा विलायती कर्णा

"आई गं, कान फाटले! कर्णा हाय का काय हाय ह्यो?" गोजराबाई पुटपुटली. शेजारी शमशाद बसलीय हे ध्यानात आलं तशी घाईनं म्हणाली, "जुना झाला असंल गं. इंग्रजांच्या वेळचा, कुटवर टिकंल?"

शमशादनं मान खाली घातली. मांडवाबाहेर आंब्याला बांधलेला कर्णा तिच्या नवऱ्याचा, अलाउद्दीनचा. पौडापासून कासार आंबोलीपर्यंत लग्न म्हटलं की तोच. धरणावरचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना तो देऊन गेला होता, कर्णा बनवणाऱ्या कंपनीच्या मालाच्या चित्रांची चोपडीही. ती उघडून अलाउद्दीन भेटेल त्याला कंपनीची कुळकथा ऐकवी. "आदी घोड्यांच्या शर्यतीला कर्णे केले, मग रेल्वेला, मग चर्चला आवाजाची उंच खोकी. लढाईत जहाजावर बी ह्येंचाच आवाज!" जणू हा तिथं फोरमनच होता.

अलीकडं त्याच्याशी सगळेच ओरडून बोलत, आणि दोष कर्ण्याला देत. कर्ण्याखाली जन्म काढलेल्या माणसाला दुसरं काय सांगायचं? शमशादनंही तेच केलं होतं. त्यानं कर्णा पुण्याला नेला, मेकॅनिकनं "चांगला तर आहे" म्हणून परत दिला. "त्याला विलायती माल काय कळतोय," म्हणून अलाउद्दीन चिडला, तेव्हा तिनं मुकाट्यानं भाकरी वाढली.

आज मंगलाष्टका सुरू झाल्या आणि कर्ण्यानं अशी शीळ घातली, की अक्षतांच्या मुठी सगळ्यांच्या कानांवर गेल्या. नवरीनंसुद्धा डोळे मिटले. अलाउद्दीन मात्र कर्ण्याच्या मशीनपाशी समाधानानं मान डोलवत आवाजाचं बटण आणखी पिळत होता. शेवटी भटजींनी माईक खाली ठेवला आणि उरलेलं लग्न नुसत्या तोंडानं लावलं.

नवरीचे वडील हैबतराव त्याच्या कानाशी वाकून ओरडले, "अलाउद्दीनभाई, कर्णा लईच बिघडलाय बघा!"

अलाउद्दीनचं तोंड उतरलं. तो आंब्यावर चढला, कर्णा सोडून खाली आणला, खांद्यावरच्या फडक्यानं पुसला. पंगतीला बसलेल्या भिवाजी भंगारवाल्यापुढं नेऊन ठेवला.

"घिऊन जा ह्याला. भर मांडवात लाज आणली ह्यानं माजी."

भिवाजीनं हैबतरावांकडं पाहिलं, हैबतरावांनी मांडवाच्या छताकडं. भिवाजीनं कर्ण्याला हात घातला.

बायकांतून शमशाद उठली. पदर सावरत, पुरुषांच्या पंगतीतनं वाट काढत नवऱ्यापाशी आली. हे घरी, चुलीपुढं, हळू आवाजात सांगायचं होतं. कधीचंच.

"अवो, देऊ नका," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"कर्ण्यात काय न्हाई."

"काय म्हणतीस?"

हातातले द्रोण हातात धरून सगळा मांडव त्यांच्याकडं बघायला लागला. शमशादच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं त्याचा दंड घट्ट धरला आणि जीव खाऊन ओरडली,

"कर्णा चांगला हाय! तुमालाच ऐकू येत न्हाई!"