चार बोटे माया

मी एक जुने शिवणयंत्र आहे मित्रांनो, आणि माझ्या अंगावर दोन नंबर आहेत. पहिला कारखान्यात मिळाला, सोनेरी अक्षरांत. दुसरा सरकारी माणसाने छिन्नीने ठोकला, तोही नेमका माझ्या नक्षीवर. तिथला रंग उडाला तो उडालाच. सध्या मी ज्या खोलीत आहे तिथे पोरेबाळे येत नाहीत, तरी मी तुम्हा मुलांनाच सांगते आहे. इथली मोठी माणसे ऐकून न ऐकल्यासारखे करतात, आणि जी ऐकतात ती लिहून घेतात.

माझी पहिली मालकीण दोन मुलींची आई होती. हात हलका, तोंड तिखट. थोरली आणि धाकटी, दोघी माझ्यावरच शिकल्या. लहान मुलाचा कपडा शिवताना आत चार बोटे माया ठेवायचीच, हा आईचा दंडक. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले जादा कापड. मूल वाढले की शिवण उसवायची, माया सोडायची, आणि कपडा आणखी दोन वर्षे अंगाला येतो. एकदा थोरलीने कापड वाचवायला दोनच बोटे ठेवली, तर आईने तिला सगळा फ्रॉक उसवायला लावला. "पोर वाढणार नाही का गं?" एवढेच ती म्हणाली. दोघी बहिणींनी ते वाक्य जन्मभर गाठीला बांधले.

पुढे थोरलीचे लग्न एका शिंप्याशी झाले. सगळे त्याला मास्तर म्हणत. चौकात त्यांचे छोटे दुकान होते आणि खिडकीपाशी मी. काय सांगू तुम्हाला, तिथे मला क्षणाची शांतता नव्हती! माणसे माप द्यायला येत आणि भांडून जात. कोट काखेत आवळतो, पँट पोटावर बसत नाही, बाही लांब झाली. स्वतः वर्षभर पोट वाढवायचे आणि खापर मास्तरांवर फोडायचे. त्यांची बडबड ऐकून माझे दात आंबत.

एकदा खुद्द नगराध्यक्ष पँट न्यायला आले. मास्तर चार माणसांदेखत म्हणाले, "साहेब, तुमची पँट गुरुवारी मिळेल. आमच्या गल्लीचं गटार कधी मिळेल?" नगराध्यक्ष लालबुंद झाले, लोक खो खो हसले. गुरुवारी पँट मिळाली. गटाराला पुढची निवडणूक उजाडावी लागली, पण मास्तर आपल्या जागी बसून काज-बटणे करत होते. त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. मला तेव्हा त्यात काहीच विशेष वाटले नव्हते.

निवडणुकीत तर मजाच. दोन्ही पक्षांचे झेंडे थोरली माझ्यावरच शिवी, एकाच सुईने. सकाळी एका पक्षाचे, दुपारी दुसऱ्याचे. हरलेल्यांचे उरलेले झेंडे पडून राहात, मग धाकटी त्यांच्या उशांच्या खोळी करी. कोणी येऊन विचारले नाही, की बाई, तुम्ही कुणाच्या झेंड्यावर डोके ठेवून झोपता.

पण मी खोटे बोलणार नाही. तो देश म्हणजे काही स्वर्ग नव्हता. मास्तर लहानपणी समुद्रापलीकडून आलेले, आणि चाळीस वर्षांनंतरही काही लोक त्यांना परकाच म्हणत. एकदा दुकानाची काच फुटली. पोलीस आले ते आरामात, जांभया देत. मालक जागा सोडा म्हणून मागे लागला होता. धाकटीचा नवरा अपघातात गेला आणि पदरात एक मुलगी राहिली. ती पोर एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. मास्तरांना वाटू लागले, आपले असे इथे कोणी नाही.

अशात पलीकडच्या देशाचे पत्रक आले. परत या, घर देऊ, काम देऊ, मुलांना फुकट शिकवू. वर हसऱ्या कुटुंबाचे चित्र. गावातल्या एका पेपरने छापले, जाऊ नका, तिथून कोणी परत येत नाही. दुसऱ्याने छापले, तिथे सगळे उत्तम आहे. दुकानात आठवडाभर वाद चालला. मास्तर म्हणाले, "पेपरवाले काय, काहीही छापतात." खरी गोष्ट छापून आली होती मित्रांनो. वाचणाऱ्याला ती नको होती, त्याला कोण काय करणार?

थोरलीचे मन मात्र कच खात होते. निघायच्या आदल्या दुपारी ती मला पुसत होती आणि धाकटी शेजारी बसली होती. वर्षभराने धाकटीने भिंगरीला घेऊन मागून जायचे ठरले होते.

थोरली म्हणाली, "तिकडे पत्रं वाचतात म्हणे. मी पत्रात काय लिहीन त्यावर जाऊ नकोस. मी भिंगरीला फ्रॉक पाठवीन. आत माया असली तर ये. नसली तर आहेस तिथेच राहा. कोणीही काहीही सांगू दे."

धाकटी हसली. "ताई, पोरीचा फ्रॉक तू माया न ठेवता शिवणार? हात तरी धजेल का तुझा?"

"तशी वेळ आली तर धजेल," थोरली म्हणाली.

बोटीतून उतरलो तेव्हा बँड वाजत होता. बँड संपला आणि त्यानंतर मी त्या देशात कोणाला मोठ्याने बोलताना ऐकले नाही. पहिल्याच आठवड्यात मला नंबर ठोकला. सुया मोजून मिळत, आणि मोडलेल्या सुईचे दोन्ही तुकडे परत करावे लागत. भिंतीवर एक रेडिओ होता, त्याला बंद करायचे बटणच नव्हते. झेंडा एकच, तो मात्र मी शेकड्यांनी शिवला. शेजारची बाई रोज दारात उभी राहून, आज कोण आले नि किती वेळ बसले, ते वहीत लिही. ती स्वभावाने वाईट नव्हती. तिच्याबद्दलही पलीकडची लिहीत होती.

सगळ्यात मला कशाचे नवल वाटले, सांगू? तिथे कोणाचाच कोट आवळत नसे. सरकारी कापड, सरकारी माप. मास्तर विचारत, "काखेत घट्ट होतंय का?" माणसाला हात वर करता येत नसे, पण तो म्हणे, "छान आहे." पहिले काही दिवस मास्तर खूश होते, काय समजूतदार गिऱ्हाईक! मग एकदा एक म्हातारा दाराबाहेर जाऊन, कोणी पाहत नाही असे बघून कोटाची बटणे सोडताना त्यांना दिसला. श्वास घेण्यासाठी सोडत होता. त्या दिवसापासून मास्तरांनी विचारणे बंद केले. मलाच ती जुनी कटकट आठवून रडू येई. यंत्राला रडता येत नाही, ही एक सोयच म्हणायची.

मास्तरांनी विचारणे बंद केले ते गिऱ्हाइकांना. जित्याची खोड! हिवाळ्यात इमारतीची सभा होती. सभा आमच्याच खोलीच्या बाहेर भरे, म्हणून मी ऐकली. मास्तर उठून म्हणाले, "नळाला तीन दिवस पाणी नाही. कोणाला सांगायचं?" इतकेच. शिवी नाही, टोमणा नाही. कोणी हसले नाही, कोणी हो म्हणाले नाही. चौथ्या दिवशी दोन माणसे आली आणि मास्तरांना घेऊन गेली. मापाची टेप त्यांच्या गळ्यात तशीच राहिली होती. ते परत आले नाहीत.

थोरली दोन दिवस माझ्यासमोर नुसती बसून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने ठेवणीतले पिवळे कापड काढले. भिंगरीच्या मापाचा फ्रॉक बेतला. कात्री चालवताना तिचा हात तीनदा थांबला. सवयीने चार बोटे बाहेरची खूण केली, ती पुसली आणि अगदी कडेला कापले. आत दोरा धरण्यापुरतेच कापड ठेवले. "पोर वाढणार नाही का गं," ती पुटपुटली आणि पायडल मारले. मी आयुष्यात इतकी सरळ टीप घातली नव्हती. उरलेल्या कापडाचा तिने मागे बांधायचा मोठा, दुहेरी बो केला, म्हणजे फ्रॉक घाईने शिवल्यासारखा दिसू नये. सोबत पत्र लिहिले, सगळे छान आहे, मास्तर मजेत आहेत, लवकर या. पार्सल गेले. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जरा सुटल्यासारखे दिसले. आपले झाले ते झाले, पोर वाचली, असे तिला वाटले असावे. मलाही वाटले.

दोन दिवसांनी मला उचलून नेले. तसल्या माणसाच्या घरात यंत्र ठेवायची परवानगी नव्हती. थोरली दारात उभी होती. तिने माझ्या चाकावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण शेजारीण वही घेऊन उभी होती. तिचे पुढे काय झाले मला माहीत नाही. कोणाला विचारणार?

मला आणले ते याच खोलीत, पार्सल तपासणीच्या कचेरीत. बाहेर जाणारा आणि बाहेरून येणारा प्रत्येक कपडा इथे उसवतात, आत चिठ्ठी आहे का पाहतात आणि पुन्हा शिवतात. हे काम करते एक बाई. सगळे तिला उसवणारी म्हणतात. तिच्याइतके हळुवार हात मी थोरलीच्या आईनंतर पाहिले नाहीत. आल्याबरोबर तिने माझी धूळ पुसली, दाते साफ केले, दोन थेंब तेल घातले.

महिन्याभराने तिने एक पार्सल उघडले. त्यात पिवळा फ्रॉक होता.

तिने शिवण उसवली. चिठ्ठी नव्हती. बो दुहेरी म्हणून तोही उसवला. मग ती थबकली. कडेचे कापड तिने बोटांनी चाचपले. पुन्हा चाचपले. आणि महिन्याभरात दहा शब्दही न बोललेली ती बाई स्वतःशीच म्हणाली, "अगं बाई! लेकराच्या कपड्याला माया नाही?"

तिने टेबलावरच्या साहेबांकडे पाहिले. ते कागदांत गढले होते. तिने पटकन त्या बोच्या पट्ट्या कापल्या आणि बाजूच्या शिवणींना, खालच्या घेराला आतून जोड द्यायला घेतला. मोजून चार बोटे. पार्सल होते तसेच शिवायचे, एक टाकाही बदलायचा नाही, असा तिथला नियम. तो तिने मोडला, जिवावर उदार होऊन. कुठल्याशा अनोळखी पोरीला फ्रॉक दोन वर्षे जास्त पुरावा म्हणून.

मी दोरा तोडला. तिने ओवला. मी पुन्हा तोडला. बॉबिनमध्ये गुंता केला, तो तिने न चिडता सोडवला. सुई मोडायचे माझ्या मनात आले, पण मोडलेल्या सुईचा जाब तिला द्यावा लागला असता. खरे सांगते मित्रांनो, मी कचरले.

"काय खडखड चाललीय?" साहेबांनी विचारले.

"मशीन जुनं आहे साहेब, अडतंय," ती म्हणाली. आणि मला कुरवाळून तिने आणखी दोन थेंब तेल घातले. तेल पडल्यावर यंत्राला चालावेच लागते. मी चालले.

आठ-नऊ महिने गेले. येणाऱ्या प्रवाशांचे सामानही इथेच तपासतात. एका बोटीच्या दिवशी उसवणारीने एक पेटी उघडली आणि वरच तो पिवळा फ्रॉक होता. मागचा बो नव्हता. धाकटीने काय विचार केला असेल तो मला दिसतो. ताईला कापड कमी पडले, तरी बिचारीने उरलेल्या तुकड्यांचे जोड देऊन माया ठेवली. म्हणजे नक्कीच ये म्हणते आहे.

घेराची माया दोन बोटे सोडलेली होती. भिंगरी वाढली होती.

उसवणारीने तो फ्रॉक ओळखला. तिने साहेबांकडे पाठ केली, ती सोडलेली माया हातात घेतली, आणि हसली. इतक्या महिन्यांत तिला हसताना मी तेवढेच पाहिले. आपली माया कामी आली, याचा तिला आनंद झाला होता. तिला मी काय सांगणार, आणि कोणत्या तोंडाने?

खिडकीबाहेर रांग होती. तिथून एका मुलीचा खणखणीत आवाज आला, "आई, इथे सगळे गप्प का आहेत? मावशी कुठे आहे?"

"श्श्," धाकटी म्हणाली. त्या बाईने आयुष्यात कधी लेकीला गप्प केलेले मी ऐकले नव्हते.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांनी शेवटी सांगायचे असते, की आम्हाला पुसा, तेल घाला, अडगळीत टाकू नका. मला कोणी अडगळीत टाकलेले नाही. मला अजून रोज तेल मिळते. माझे मागणे निराळे आहे. तुमच्या गावात कोणी कोट काखेत आवळतो म्हणून आरडाओरडा करत असेल, तर त्याला कटकट्या म्हणू नका. ती कटकट जपा. मी तिला कंटाळले होते.

आता घंटा होईल आणि काम सुरू होईल. पेटी अजून टेबलावर आहे. फ्रॉकची शिवण उसवून झाली आहे आणि ती पुन्हा मलाच घालायची आहे.