काकांची भूक, माझा घसा

मित्रांनो, दचकू नका. आज मी जरा हळू आवाजात बोलणार आहे. मी शाळेच्या बसचा जुना हॉर्न आहे. ओरडणं हा माझा जन्मापासूनचा धंदा, पण एकदा मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. तीच हकिगत सांगतो.

माझा जन्म एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. पातळ पत्र्याची चकती, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि पुढे पसरट तोंड, एवढाच माझा ऐवज. कारागिराने स्क्रू पिळत पिळत माझा सूर लावला आणि मला वाजवून पाहिलं, तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या हातून चहा सांडला. "पास," कारागीर म्हणाला. ती माझी पहिली शाबासकी.

माझं तोंड बसच्या पुढच्या जाळीमागे असतं आणि बटण स्टिअरिंगच्या मधोमध. त्यामुळे रस्ता मला दिसतो आणि ड्रायव्हरचा तळहातही कळतो. गेली अकरा वर्षं तो तळहात एकाच माणसाचा आहे. मुलं त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. प्रत्येक थांब्यावर ते मला अंगठ्याने दोनदा हलकेच दाबायचे, पीं-पीं, की मुलं दूध अर्धवट टाकून धावत सुटायची. मधे माझे हालही झाले. चिखलाने गंज चढला, आवाज सर्दी झाल्यासारखा येऊ लागला. मेकॅनिक म्हणाला, "फेका हो हा, नवा बसवतो." काका म्हणाले, "राहू दे. पोरांना याचीच सवय आहे." त्यांनी मला स्वतः घासूनपुसून परत जोडलं. हे उपकार मी विसरलेलो नाही.

मग ती वर्षाची तपासणी आली. दरवर्षी डॉक्टरीणबाईंनी तंदुरुस्तीचा दाखला दिला तरच काकांना बस चालवता येते. त्या वर्षी त्यांनी दाखला तीन महिन्यांचाच दिला. रक्तातली साखर वर गेली होती आणि पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं होतं. तीन महिन्यांत दोन्ही खाली आलं नाही, तर काकांच्या हातची गाडी जाणार होती. हे ऐकल्यावर बाईंचं पुढचं बोलणं काकांच्या कानात शिरलंच नाही. त्यांनी दिलेला कागद मात्र काकांनी माझ्यासमोर, डॅशबोर्डवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून डकवला. त्यावर लिहिलं होतं: पाव बंद, भात बंद, बटाटा बंद, साखर बंद.

काका शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवसापासून पाव गेला, भात गेला, चहातली साखर गेली. डब्यात राहिली काकडी. पहिल्या दिवशी त्यांनी शीळ घालत गाडी चालवली. दुसऱ्या दिवशी शीळ बंद पडली. तिसऱ्या दिवशी त्यांचं डोकं ठणकायला लागलं आणि तळहात माझ्यावर दगडासारखा पडू लागला. सिग्नलला मी ओरडलो, सायकलवाल्यावर ओरडलो, रस्ता ओलांडणाऱ्या एका गरीब कुत्र्यावरसुद्धा ओरडलो. काकांच्या पोटातली भूक माझ्या घशातून बाहेर पडत होती. मला ते मुळीच आवडत नव्हतं, पण हॉर्नला नाही म्हणता येत नाही.

पाचव्या दिवशी तर कहर झाला. तिसऱ्या थांब्यावर एक पहिलीतली मुलगी चढते. तिच्या बुटाची नाडी रोज ऐन वेळी सुटते. त्या दिवशीही ती पायरीजवळ बसून नाडी बांधत होती, आणि काकांनी अख्खा तळहात माझ्यावर दाबून धरला. मी ओरडतोय, ओरडतोय, थांबायचं नावच नाही. मुलीच्या हातून डबा पडला. ती रडत आईकडे पळाली आणि त्या दिवशी शाळेत आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मुख्याध्यापिकांनी काकांना बोलावून घेतलं. परत येऊन ते सीटवर मटकन बसले. बसमधल्या मावशींनी, म्हणजे मुलांना चढवायला-उतरवायला ज्या असतात त्यांनी, विचारलं, "काय म्हणाल्या?"

"आणखी एक तक्रार आली की दुसरा ड्रायव्हर," काका म्हणाले. "साखरेने नाही तर या हॉर्नने माझी गाडी जाणार, मावशी."

"सकाळपासून काय खाल्लंत दादा?"

"काकडी."

"आणि काल?"

"काकडीच."

"पाणी?"

"काहीतरीच काय. ड्रायव्हर कधी पाणी पितो का? मधेच गाडी कुठे थांबवायची?"

तेही खरं होतं. अकरा वर्षं मी पाहतोय, फेरी संपेपर्यंत काका पाण्याचा थेंब घेत नाहीत. मावशींनी कपाळावर हात मारला आणि चष्मा लावून तो कागद वाचला. मग त्यांना काय शंका आली कोण जाणे, त्यांनी नखाने चिकटपट्टी खरवडली आणि कागद उलटा केला.

मित्रांनो, मागची बाजू पूर्ण भरलेली होती. दोन उकडलेली अंडी, शेंगदाणे, दही, तेलातली भरपूर भाजी. उपाशी राहायचं नाही, पोटभर खायचं. पाणी थोडं थोडं सारखं प्यायचं. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, ते ओसरेल. तुमचा रक्तदाब ठीक आहे, तेव्हा दिवसातून एकदा पाण्यात चिमूटभर मीठ चालेल.

काकांनी कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग पाच दिवसांत पहिल्यांदा हसले. "ही बाजू मी डॅशबोर्डला वाचायला दिली होती," ते म्हणाले. मावशी इतक्या हसल्या की त्यांना टेकायला सीट शोधावी लागली. मलाही हायसं वाटलं.

त्या दिवसापासून बसमध्ये मावशींचं राज्य सुरू झालं. अंडी खाल्ल्याशिवाय किल्ली मिळायची नाही. शाळेच्या वॉचमनला सांगून त्यांनी काकांना दोन फेऱ्यांच्या मधे दहा मिनिटं स्वच्छतागृहात जायची सोय करून घेतली, म्हणजे पाणी बिनघोर पिता येईल. शेंगदाण्यांची डबी गिअरच्या शेजारी आली. तरी सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. बेकरीच्या वळणावर भाजलेल्या पावाचा वास आला की काका खिडकी वर करायचे आणि त्यांचा हात माझ्याकडे यायचा. यायचा, थांबायचा आणि डबीकडे वळायचा. दोन आठवड्यांत तळहात पुन्हा हलका झाला.

पण त्याआधी, कागद उलटला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, काका तिसऱ्या थांब्यावर खाली उतरले. ते कधी उतरत नाहीत. मुलगी आईच्या मागे लपली होती.

"चूक माझी होती बाळा," काका म्हणाले. "मी भुकेला होतो आणि राग तुझ्यावर काढला. उद्या ये. तुझी नाडी बांधून होईपर्यंत बस थांबेल."

मुलीने आईचा पदर आणखी घट्ट धरला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, आणि पायरीवरूनच विचारलं, "काका, आज खाल्लंत?"

"दोन अंडी," काकांनी हिशेब दिला. तेव्हापासून हा प्रश्न रोजचा झाला.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पूर्ण वर्षाचा दाखला दिला. काका सीटवर येऊन बसले. पोट आणि स्टिअरिंग यांच्यात आता चार बोटं जागा होती. मागून मावशींनी विचारलं, "काय झालं दादा?" काकांनी मला अंगठ्याने दोनदा दाबलं, पीं-पीं. मावशींना कळलं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतक्या सुखाने वाजलो नव्हतो.

हल्ली मी फार कमी वाजतो आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. कालचीच गोष्ट. मुलगी पायरीवर बसून नाडी बांधत होती, काका निवांत थांबले होते, आणि मागच्या मोटारीच्या हॉर्नने नुसता हलकल्लोळ मांडला होता. माझ्याच जातीचा तो, मला त्याची दया आली. मुलीने गाठ घट्ट केली, मागे वळून त्या मोटारवाल्याकडे पाहिलं आणि डबीतले मूठभर शेंगदाणे घेतले.

"काका, एक मिनिट थांबाल?" ती म्हणाली. "त्या काकांनी सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."